फोटोत ठिकाणाची नोंद कशी घालायची, एका फोटोतून दुसऱ्यात कशी न्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातले किल्ले, जुन्या विहिरी, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) आणि पावसाळ्यात कासचं पठार, असे माझे सुट्टीचे दिवस जातात. बरोबर येणारे आणि नंतर फोटो मागणारे लोक ठिकाणाबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

फोटोत ठिकाण असतं म्हणजे नक्की कुठे असतं?

फोटोच्या फाइलीत चित्राखेरीज माहितीचा एक कप्पा असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. ही पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरली आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा आणि फोन ती पाळतो. तारीख, वेळ, शटर, लेन्स हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्यातच जीपीएससाठी एक छोटा कप्पा आहे. तिथे मुख्यतः अक्षांश, रेखांश, उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उपग्रहाकडून मिळालेली वेळ असते.

गावाचं नाव सहसा नसतं. फोनवर फोटोखाली ‘सातारा’ असं दिसतं ते अ‍ॅपने त्या आकड्यांवरून शोधलेलं असतं. हे लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे घोळ टळतात.

मोबाइलच्या फोटोत ठिकाण येतं, माझ्या कॅमेऱ्याच्या फोटोत का येत नाही?

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत जीपीएस नसतंच. निकॉन, कॅनन, सोनी यांची फोनवरची अ‍ॅप ब्लूटूथने कॅमेऱ्याला ठिकाण पुरवू शकतात, पण दिवसभराच्या चालीत ती जोडणी मध्येच तुटते आणि तुटलेली कळत नाही. म्हणून मी घरी आल्यावर कॉम्प्युटरवर हे काम करतो. मोबाइलच्याही फोटोत ठिकाण येत नसेल, तर आधी कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे का ते बघा.

फोल्डरला गावाचं नाव दिलं की भागत नाही का?

मलाही तसंच वाटायचं. माण तालुक्यात एका वाडीच्या बाहेर, बांधाला टेकलेला तीन टप्प्यांचा सुरेख वीरगळ मी पाहिला होता. वर शिवलिंगाची पूजा, मधे अप्सरा वीराला नेताहेत, खाली लढाई. कॅमेऱ्याने बारा-पंधरा फोटो काढले आणि फोल्डरला वाडीचं नाव दिलं. चार वर्षांनी त्याचं माप घ्यायला गेलो तर सापडेना. बांध नवे झालेले, रस्ता वळलेला, ज्या म्हाताऱ्या बाबांनी दाखवला होता ते गेलेले. दोन दिवस फिरलो. वाडीची शीव दोन-अडीच किलोमीटर पसरलेली, त्यात गुडघाभर उंचीचा दगड कुठे शोधणार? तो वीरगळ मला अजून सापडलेला नाही. फोटो आहेत, दगड नाही.

फोल्डरचं नाव बदलतं, फोल्डर विस्कटतो, फोटो एकेक करून दुसऱ्याकडे जातात. फाइलीत लिहिलेलं ठिकाण फाइलीबरोबर जातं.

मोबाइलच्या फोटोतलं ठिकाण कॅमेऱ्याच्या फोटोत कसं न्यायचं?

याची तयारी जागेवरच करायची असते. प्रत्येक नव्या ठिकाणी कॅमेरा बाहेर काढण्याआधी मोबाइलने एक साधा फोटो काढा. दरवाजा, टाकं, शिलालेख, जे असेल त्याचा. तो फोटो चांगला येण्याची गरज नाही, त्यातलं ठिकाण महत्त्वाचं.

घरी आल्यावर मोबाइलचे फोटो डेटा केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवू नका, का ते पुढे सांगतो. मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा. ही प्रत काढल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

मी डिजिकॅम नावाचं फोटो सांभाळण्याचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोल्डर उघडून सगळे फोटो निवडा आणि जिओलोकेशन एडिटर उघडा. खाली फोटोंची यादी येते, वर नकाशा. यादी वेळेनुसार लावली की मोबाइलचा फोटो आणि त्यानंतरचे कॅमेऱ्याचे फोटो आपोआप एकाखाली एक येतात. मोबाइलच्या फोटोवर उजवी क्लिक करून कोऑर्डिनेट्स कॉपी करा, त्याखालचे कॅमेऱ्याचे फोटो निवडा, पुन्हा उजवी क्लिक, पेस्ट. सगळे गट झाले की अप्लाय दाबा. अप्लाय न दाबता खिडकी बंद केली तर सगळी मेहनत वाया जाते.

हजारो फोटो असतील आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती वाटत नसेल, तर फिल हार्वी यांनी लिहिलेलं एक्झिफटूल सगळ्यांत भरवशाचं. इतर बरेच प्रोग्राम आतून तेच वापरतात. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठल्या फोटोतून घ्यायचं, काय घ्यायचं, कुठल्या फोटोंवर टाकायचं. मधली गोष्ट कधीही गाळू नका. ‘फक्त जीपीएसचा गट’ असं सांगितलं नाही तर मोबाइलच्या फोटोची तारीख, वेळ आणि इतर नोंदीही कॅमेऱ्याच्या फोटोवर चढतात आणि मूळ वेळ पुसली जाते. ठिकाण परत मिळवता येतं. फोटो कधी काढला ते पुसलं गेलं की सहसा परत मिळत नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे हे साधन आपणहून प्रत्येक फाइलीची मूळ प्रत शेजारी ठेवतं. खात्री होईपर्यंत त्या प्रती उडवू नका.

एकच ठिकाण दोनशे फोटोंवर टाकलं तर चालेल का?

बारा मोटेच्या विहिरीसारखी एकच वास्तू असेल तर खुशाल. कासला नको. पठार पसरट आहे आणि पन्नास पावलांवर फुलं बदलतात: कड्याच्या खडकावर एक, साचलेल्या पाण्यात दुसरं. तिथे एकच बिंदू सगळ्यांना लावला तर ‘वायतुरा कुठल्या डबक्यात होता’ हे फोटो कधीच सांगणार नाही.

चारशे फोटो आहेत. प्रत्येकासाठी मोबाइलचा जोडीदार कुठून आणू?

मग चालीची वाट नोंदवा. ऑसमअँडसारख्या अ‍ॅपमध्ये ट्रॅक रेकॉर्ड करण्याची सोय असते. सकाळी चालू करायचं, संध्याकाळी बंद करायचं. तुम्ही कुठल्या क्षणी कुठे होता त्याची जीपीएक्स नावाची फाइल तयार होते. डिजिकॅमच्या त्याच एडिटरमध्ये ही फाइल उघडून कोरिलेट करायला सांगितलं की प्रत्येक फोटोची वेळ वाटेवरच्या वेळेशी जुळवली जाते आणि ठिकाण बसतं. दर पाच-दहा सेकंदांनी एक नोंद चालीसाठी पुरते.

दोन बिंदूंमध्ये किती वेळेचं अंतर चालेल हे तिथे विचारतात. ते मी एक-दोन मिनिटांच्या वर ठेवत नाही. अर्धा तास ठेवला की फोन बंद पडलेल्या वेळेतले फोटोही कुठेतरी बसवले जातात, आणि चुकीचं ठिकाण नसलेल्या ठिकाणापेक्षा वाईट, कारण त्यावर कुणी शंका घेत नाही. आणखी एक. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं अ‍ॅप झोपवतात. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, नाहीतर वाट अर्ध्यातच संपलेली दिसेल.

सगळं बरोबर केलं, तरी फोटो भलत्याच जागी बसले. असं का?

शंभरातल्या नव्वद वेळा कारण एकच: साडेपाच तास. जीपीएक्स फाइलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. आपला कॅमेरा भारतीय वेळ लावतो, आणि ती साडेपाच तास पुढे. प्रोग्रामला हे सांगितलं नाही तर सज्जनगडावर सकाळी साडेअकराला काढलेला फोटो संध्याकाळी पाचला तुम्ही जिथे होता तिथे जाऊन बसतो. पाचला तुम्ही पोवई नाक्यावर चहा घेत असाल तर समर्थांची समाधी पोवई नाक्यावर. आणि दुपारनंतरच्या फोटोंना जुळणारी वाटच मिळत नाही.

उपाय सोपा: टाइमझोन अधिक साडेपाच द्या. पूर्ण तासच घेणारा प्रोग्राम असेल तर तो सोडा. अर्ध्या तासाची चूक गाडीच्या प्रवासात सातारा आणि वाई यांची गल्लत करू शकते.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं होतं. आता?

कॅमेऱ्याची घड्याळं हळूहळू सरकतात. चार मिनिटांची चूक चालणाऱ्याच्या हिशेबाने तीनशे मीटर होते, म्हणजे किल्ल्याचा एक दरवाजा सोडून दुसरा.

दिवसाचा पहिला फोटो मी मोबाइलच्या पडद्याचा काढतो, ज्यावर सेकंदांसह वेळ दिसते. मोबाइलची वेळ बरोबर धरायची. पडद्यावर ७:१२:४० असेल आणि कॅमेऱ्याने त्या फोटोवर ७:०९:१५ लिहिलं असेल, तर कॅमेरा ३ मिनिटं २५ सेकंद मागे आहे. हा फरक जुळवणीच्या वेळी भरायचा. असा फोटो काढला नसेल तर एखादा ओळखीचा क्षण शोधा, जो दोन्ही कॅमेऱ्यांत आलाय: मित्र चौकटीतून आत वाकतोय, घंटा वाजवतोय. त्या दोन फोटोंच्या वेळांतला फरक हाच तुमचा फरक.

साताऱ्याचा फोटो नकाशावर समुद्रात दिसतोय!

कुठल्या समुद्रात, त्यावरून चूक ओळखता येते. सातारा साधारण १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व.

हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात असेल तर पूर्वच्या जागी पश्चिम पडलंय. नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाच्या समुद्रात असेल तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या खाली असेल तर उत्तरच्या जागी दक्षिण. आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ गिनीच्या आखातात असेल तर दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे नोंद आलीच नव्हती आणि कुठल्यातरी अ‍ॅपने रिकाम्या जागी शून्य भरलं.

हाताने आकडे भरताना हे घडतं. फाइलीत आकडा आणि दिशा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. दिशा राहिली की प्रत्येक प्रोग्राम आपापला अंदाज बांधतो.

आकडे दशांशात लिहू की अंश-मिनिट-सेकंदात?

प्रोग्रामला दोन्ही कळतात, मिसळ कळत नाही. १७ अंश ४० मिनिटं ४८ सेकंद म्हणजे १७.६८ अंश. १७.४०४८ नव्हे. मिनिटं साठाने भागायची, सेकंद ३६०० ने, मग बेरीज. जुन्या वहीतून आकडे उतरवताना ही चूक मी स्वतः केली आहे आणि किल्ला तीस किलोमीटर दक्षिणेला गेला होता.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश त्याहून थोडा कमी, १०६ च्या आसपास. म्हणून दोन दशांश स्थळं दिली तर ठिकाण किलोमीटरभरात, चार दिली तर दहा-अकरा मीटरांत, पाच दिली तर मीटरभरात. चार-पाच पुरेत. फोन दहा आकडे दाखवतो म्हणून तो तितका अचूक असतो असं नाही. उघड्यावरही पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतंच.

विहिरीत, गुहेत, दाट झाडीत काय करायचं?

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरा. चारी बाजूंनी दगड, वर आभाळाचा तुकडा. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या शेतात उभं करतो. मी खाली उतरण्याआधी काठावर, मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचा फोटो काढतो आणि तेच ठिकाण आतल्या सगळ्या फोटोंना लावतो. कल्याणगडाच्या पाण्याच्या गुहेतही तेच: आत पार्श्वनाथाच्या मूर्तीपाशी उपग्रह दिसण्याचा प्रश्नच नाही, तोंडाशीच नोंद घ्या.

वासोट्याला जाताना लोक म्हणतात, रेंज नाही, मग जीपीएस कसं चालणार? चालतं. उपग्रहाचा आणि मोबाइल टॉवरचा संबंध नाही. टॉवर असला तर फोन उपग्रह लवकर शोधतो एवढंच. बामणोलीहून लाँच सुटण्याआधी नकाशाचं अ‍ॅप उघडून ठिकाण स्थिर होऊ द्या, मग जंगलात अडत नाही.

उंचीचं मात्र मनावर घेऊ नका. आडव्या जागेपेक्षा उंचीत चूक जास्त असते. शिवाय काही साधनं समुद्रसपाटीपासून न मोजता पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात. आपल्या भागात त्यामुळे उंची ६० मीटरहून जास्त कमी दिसू शकते. एकाच गडाची उंची दोन फोनांवर वेगळी आली तर दचकू नका.

फोटोत किल्ला दिसतोय, पण मी यवतेश्वरच्या घाटात उभा होतो. ठिकाण कुठलं घालू?

यवतेश्वरच्या घाटातलं. एक्झिफमधलं ठिकाण म्हणजे कॅमेरा कुठे होता ते. अजिंक्यताऱ्याचा फोटो घाटातून काढला आणि ठिकाण अजिंक्यताऱ्याचं घातलं, तर उद्या तोच कोन शोधणारा माणूस किल्ल्यावर चढून गोंधळेल. काय दिसतंय ते मथळ्यात आणि कीवर्डमध्ये लिहा. आयपीटीसी नावाच्या नोंदीत ‘काढलं कुठे’ आणि ‘दाखवलं कुठे’ असे दोन वेगळे रकाने आहेत. अभ्यासासाठी फोटो जमवत असाल तर दोन्ही भराच.

ठिकाण घातल्याने फोटोचा दर्जा कमी होतो का?

नाही. चित्राला हात लागत नाही, फक्त माहितीचा कप्पा बदलतो. दर्जा कमी होतो तो जेपेग फोटो एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करण्याने.

रॉ फाइली आणि व्हिडिओ?

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली मूळ फाइल. तिच्यात मी काही लिहीत नाही. डिजिकॅम आणि लाइटरूम (फोटो सांभाळण्याचं आणखी एक सॉफ्टवेअर) दोन्ही ही माहिती शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत ठेवू शकतात. रॉ हलवलीत तर तीही हलवा. व्हिडिओत ठिकाण वेगळ्या पद्धतीने लिहिलं जातं आणि सगळ्या प्रोग्रामना ते जमत नाही. त्यापेक्षा व्हिडिओआधी त्याच जागी एक फोटो काढून ठेवावा.

मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत ठिकाण का दिसत नाही?

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि एक्झिफ काढून टाकतं. ठिकाणही जातं आणि काढल्याची वेळही, त्यामुळे वाटेशी जुळवायलाही काही उरत नाही. मित्राला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. आयफोनवरून शेअर करताना वर पर्याय येतात, त्यात लोकेशन चालू आहे ना ते बघायला सांगा.

मी ठिकाण घातलं होतं, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसत नाही.

कारण ते फाइलीत गेलंच नव्हतं. गूगल फोटोजमध्ये घातलेलं ठिकाण त्यांच्या खात्यात राहतं. सगळे फोटो एकदम उतरवून घेतले की ते वेगळ्या जेसन फाइलींत येतं. लाइटरूम क्लासिक ते कॅटलॉगमध्ये ठेवतं. फोटो निवडून मेटाडेटा फाइलीत सेव्ह करायला सांगावं लागतं. मॅकच्या फोटोजमधून एक्स्पोर्ट करताना लोकेशनच्या चौकटीत खूण करावी लागते.

खात्री करण्याचा माझा एकच मार्ग आहे. एक फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लावायची. विंडोजमध्ये फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे खाली जीपीएस असा भाग आणि आकडे दिसले तरच काम झालं.

घरचे जुने, स्कॅन केलेले फोटो आहेत. त्यांनाही ठिकाण घालता येईल?

जरूर घाला, आणि ज्यांना ती जागा आठवते ती माणसं आहेत तोवर घाला. आजीला शेजारी बसवा, गूगल नकाशा मोठा करून दाखवा. बोट ठेवलेल्या जागी उजवी क्लिक केली की अक्षांश-रेखांश येतात, त्यांवर क्लिक केलं की कॉपी होतात. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे फोटो काही घरांत आहेत. आज नकाशावर तिथे नुसतं पाणी आहे, तरी त्या जागेला अक्षांश-रेखांश आहेतच. जागा अंदाजाने घातली असेल तर मथळ्यात ‘अंदाजे’ असं लिहा. तारीखही बदलायची राहू देऊ नका, नाहीतर स्कॅन केल्याचा दिवस हाच फोटोचा दिवस ठरतो.

ठिकाण काढून कधी टाकायचं?

घराचे, लहान मुलांचे, शाळेच्या दारातले फोटो बाहेर देताना. आणि माझ्या दृष्टीने तितकंच महत्त्वाचं म्हणजे दुर्मीळ गोष्टींचे फोटो देताना.

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. लोक येतात, बहुतेक जण जपून वागतात. पण एखाद्या कंदीलपुष्पाचं किंवा आमरीचं (ऑर्किडचं) ठिकाण पाच दशांशांनिशी पसरलं की चांगल्या फोटोसाठी आजूबाजूचं तुडवणारे आणि कंद उपटून नेणारे दोघंही तिथे पोचतात. रानातल्या मूर्तींचं तसंच. गुप्तधनाच्या नादाने वीरगळाखालची माती उकरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करतात, तीच रीत आपणही ठेवावी.

मूळ फाइलीतून मात्र ठिकाण कधीच पुसू नका. बाहेर द्यायच्या फोटोंची वेगळी प्रत करा आणि तिच्यातूनच काढा. विंडोजमध्ये प्रॉपर्टीजच्या त्याच डिटेल्स पानावर तळाशी माहिती काढून टाकण्याची ओळ आहे. तिथे ‘सगळं काढून नवी प्रत बनव’ हा पहिला पर्याय निवडा. डिजिकॅममध्ये जिथे पेस्ट करतो त्याच यादीत कोऑर्डिनेट्स काढण्याचीही आज्ञा आहे. पुसण्याऐवजी ढोबळ ठेवायचं असेल तर दोन दशांशांपर्यंतचे आकडे भरा. कुठल्या डोंगरावर ते कळेल, कुठल्या खडकाखाली ते नाही. नेमकी जागा अभ्यासाला हवी असलेला माणूस फोन करून विचारतो, आणि त्याला मी ती आनंदाने देतो.